हातांवर बसणारे देवरामभाऊ

हातावर हात ठेवून बसणारी माणसं मी नोकरीत भरपूर पाहिली. त्यातली दोन-तीन तर स्टाफरूममध्ये माझ्या शेजारच्याच खुर्च्यांत होती. पण स्वतःच्या हातांवर बसणारा माणूस मी आयुष्यात एकच पाहिला. देवरामभाऊ आमच्या शाळेच्या प्रयोगशाळेतल्या लाकडी स्टुलावर बसायचे, दोन्ही तळहात मांड्यांखाली दाबायचे आणि समोरच्या टेबलावर चार मुलं काय काय घोळ घालताहेत ते तासन्‌तास बघत राहायचे. स्क्रू तिरका बसत असायचा, चाक वाकडं लागत असायचं. भाऊंचे खांदे आपोआप उचलले जायचे, मान पुढं जायची, पण हात काही बाहेर यायचे नाहीत. एकदा न राहवून मी विचारलं, "भाऊ, हाताला मुंग्या येत नाहीत का?"

"येत्यात की," भाऊ म्हणाले. "पर मुंग्या परवडल्या, बाई. मोकळं सोडलं की लगीच पकड मागत्यात."

भाऊंचं जुन्नरच्या बाजारपेठेत, एका बोळाच्या तोंडाशी मोटारी भरायचं दुकान होतं. विहिरीवरची मोटार जळाली की तिच्या पोटातली जळकी तार काढून तांब्याची नवी तार वेढ्यांनी बसवायची, याला आमच्याकडं मोटार भरणं म्हणतात. दुकान म्हणजे दहा पावलांची खोली. आत व्हार्निशचा आणि जळक्या तारेचा वास कायमचा मुक्कामाला. भाऊ मूळचे येडगावचे. घरात वाडवडलांपासून मेंढरं. दिवाळी झाली की वडील कळप घेऊन घाट उतरायचे, आणि भाऊही आठवीपर्यंत शाळा आणि मेंढरं असं दोन्हीकडं हजेरी लावत होते. मग दोन्ही सोडून नारायणगावला एका कारागिराच्या हाताखाली लागले. "मेंढरांमागं पाय लई झिजले," ते सांगायचे, "म्हणलं, आता हात झिजवून बगू."

आमची गाठ पडली ती शाळेची मोटार जळाली म्हणून. त्याच आठवड्यात पुण्याच्या एका हितचिंतकानं शाळेला एक पेटी भेट दिली होती. पेटीत छोट्या मोटारी, चाकं, तारा, एक हिरवा बोर्ड आणि एक पत्रक. पत्रकात शालेय यंत्रमानव स्पर्धेची माहिती होती. चार मुलांनी मिळून एक गाडी बनवायची. गाडीनं कुणी न चालवता काळ्या रेषेवरून जायचं, वाटेतले तीन लाकडी ठोकळे उचलायचे आणि पेटीत टाकायचे. मुख्याध्यापकांनी पेटी माझ्या टेबलावर ठेवली आणि म्हणाले, "तुम्ही विज्ञानाच्या." आता माझं विज्ञान होतं वनस्पतींचं. मी फार तर जास्वंदीचे भाग दाखवले असते. पण मुख्याध्यापकांना नाही म्हणायची आमच्या शाळेत पद्धत नव्हती. त्या दिवशी मोटार भरून झाली का हे विचारायला मी दुकानात गेले, तेव्हा ती पेटी माझ्या काखेत होती आणि चेहऱ्यावर बारा वाजलेले असणार.

भाऊंनी पेटीतली अंगठ्याएवढी मोटार उचलली, उन्हाला धरली आणि लहान मुलासारखे हसले. "ही मोटार व्हय? ही तर मोटारीचं कोकरू!" दुसऱ्या दिवशी दुपारी ते आपणहून शाळेत आले. मग दर बुधवारी आणि शनिवारी यायला लागले. चहाशिवाय कधी काही घेतलं नाही, आणि चहासुद्धा बशीत ओतून, मुलं कामाला लागेपर्यंतच. नंतर हात अडकलेले असायचे ना.

त्यांचा पहिला नियम होता की मोठ्या माणसानं गाडीला बोट लावायचं नाही. त्यांनी नाही आणि मीही नाही. मुलांना ते उत्तर सांगायचे नाहीत, प्रश्न विचारायचे, आणि प्रश्न बहुतेक वेळा मेंढरांचे असायचे. एकदा गाडी सारखी डावीकडं ओढायला लागली. योगेशनं अख्खी गाडी खोलायला घेतली. योगेश आमच्या संघातला बोलका मुलगा. त्याचं तोंड नेहमी हातांच्या एक स्टेशन पुढं.

"थांब जरा," भाऊ म्हणाले. "मेंढरू चालताना एका अंगाला का वढतं?"

"पायात काटा असंल."

"मग मेंढरू सोलायचं का पाय बगायचा?"

पूनमनं खाली वाकून डावं चाक बघितलं. आसाभोवती तिच्याच वेणीतला लांब केस गुंडाळला गेला होता. चिमट्यानं तो काढल्यावर गाडी सरळ चालली. दुसऱ्या दिवसापासून पूनम वेणी वर बांधून यायला लागली, आणि भाऊंचं "आधी बगा, मग हात लावा, मग परत बगा" हे वाक्य मुलांच्या तोंडी बसलं. खरं सांगायचं तर मी त्या तासांना खोलीत असायचे, पण कोपऱ्यात वह्यांचे गठ्ठे तपासत. माझं निम्मंच लक्ष असायचं. हे निम्मं लक्ष पुढं महागात पडलं.

पूनम येडगावची, नववीतली. वर्गात उत्तर येत असलं तरी हात वर न करणारी. पण तिच्या हातात स्क्रूड्रायव्हर आला की तिचा चेहरा मोकळा व्हायचा. तारांचं सगळं काम भाऊंनी तिच्याकडं सोपवलं होतं. वीज दिवसातून आठ-आठ तास जायची, मग बॅटरी रात्रभर चार्ज करायला भाऊंच्या दुकानात ठेवावी लागे. ती आणायला पूनम जायची आणि तासभर तिथंच रमायची. मला तिचं कौतुक वाटायचं, पण त्याहून जास्त मला स्पर्धा जिंकायची होती. मुख्याध्यापकांच्या खोलीत एक काचेचं कपाट होतं, त्यात खो-खोची एकच ढाल. त्या ढालीशेजारची रिकामी जागा मला झोपेतही दिसायची.

म्हणून स्पर्धेच्या आधीच्या शनिवारी मी भाऊंना गळ घातली. "भाऊ, पुण्यातल्या शाळांचे मार्गदर्शक स्वतः गाड्या बनवून देतात म्हणे. तुम्ही एकदा सगळे सांधे तपासून घट्ट करा ना. मुलांना कळणारही नाही."

भाऊंनी आधी नकारार्थी मान हलवली. मग म्हणाले, "माझा थोरला माझ्याच दुकानात शिकत व्हता, बाई. हात चांगला व्हता त्याचा. पर तो तार घालायचा आन् मी काढून परत घालायचो. माझी येगळी बसायची, निगुतीची. रोज त्येच. एक दिवस त्यानं पकड खाली ठिवली आन् म्हणला, दादा, तुमीच करा. आधी एक दिवस आला न्हाई. मग आठवडा. आता चाकणला टेम्पो चालवतो. घरातला फ्यूज उडाला तरी वायरमनला बोलावतो." त्यांनी मांड्यांखालचे हात काढून माझ्यापुढं धरले. "ह्या हातांनी पोराचं हात मारलं. आता ह्येंच्यावर बसतो."

 मला ते पटलं. पटणं आणि वेळ आल्यावर तसं वागणं यांत मात्र बरंच अंतर असतं.

स्पर्धेच्या दिवशी पहाटेच्या पहिल्या एसटीनं आम्ही पुण्याला गेलो. एका मोठ्या शाळेच्या सभागृहात टेबलं मांडली होती. इतर संघांचे एकसारखे रंगीत टीशर्ट, आमची पोरं शाळेच्या गणवेशात. सकाळच्या फेरीत आमच्या गाडीनं तिन्ही ठोकळे उचलून पेटीत टाकले. सभागृहात टाळ्या पडल्या. योगेश उड्या मारत होता, बाकीची दोघं एकमेकांना चिमटे काढत होती, आणि पूनम गाडीकडं नुसती बघत उभी होती. दुपारच्या अंतिम फेरीत आम्ही होतो. मला तर ढाल कपाटात ठेवलेलीच दिसायला लागली.

"बाई, तुमी गाडीजवळ बसा," भाऊ म्हणाले. "मी पोरांना जेवू घालतो." आणि ते मुलांना घेऊन मागच्या इमारतीत गेले.

मी बसले. थोड्या वेळानं सहज गाडीकडं नजर गेली. बॅटरीची तांबडी तार सुटून लोंबत होती. सकाळच्या धावपळीत निसटली असणार. ही अशीच राहिली आणि पोरांच्या लक्षात नाही आलं तर? खरं तर मुलं येईपर्यंत थांबता आलं असतं. नियमही तोंडपाठ होता, स्पर्धेचाही आणि भाऊंचाही. पण मी इकडं-तिकडं बघितलं, पूनमचा स्क्रूड्रायव्हर उचलला आणि तार बोर्डाशेजारच्या, तारा जोडायच्या पट्टीवरच्या जवळच्या स्क्रूत घालून घट्ट पिळली. वर पुन्हा स्वतःवर खूश झाले. मी पोरांना वाचवलं होतं ना!

मुलं आली तेव्हा आमचं नाव पुकारलं जात होतं. घाईघाईत गाडी रेषेवर ठेवली, योगेशनं बटण दाबलं. गाडी जागची हलली नाही. बोर्डातून निळसर धुराची एक बारीक रेघ वर आली आणि वास सुटला. तो वास भाऊंच्या दुकानातला होता.

परीक्षक वाकून बघत होते. "ही तार इथं कुणी जोडली? ही शेजारच्या स्क्रूत हवी होती."

चौघं एकमेकांकडं बघायला लागली. मग पूनम पुढं झाली. "आमी काम सोडून जाताना एक तार सोडून ठेवतो सर. माघारी कुणी बटण दाबलं तर काय व्हायला नको म्हणून. आमच्या भाऊंनी तसं शिकवलंय. मी परत आले तवा ती जोडलेली दिसली. मला वाटलं योगेशनं जोडली. पर बघायचं काम माझं व्हतं. चूक माझी हाये."

 तार निसटली नव्हती. मुलांनी ती सोडली होती, रोज सोडत होती, माझ्यापासून चार हातांवर, आणि मी वह्यांवर बरोबरच्या खुणा करत बसले होते. त्याच क्षणी मी बोलायला हवं होतं. मी बोलले नाही. भीती वाटली, लाज वाटली, काय वाटलं ते आज नेमकं सांगता येणार नाही. तोंड उघडलं नाही एवढं खरं.

परतीच्या एसटीत पूनम खिडकीला डोकं टेकवून बसली होती.  भाऊंनी गाडी मांडीवर घेतली, जळका बोर्ड बघितला, ती तार स्क्रूतून काढली आणि तिचं टोक बोटांत धरून बराच वेळ न्याहाळलं. संघातली पोरं तारेचं टोक दुमडून मगच स्क्रूत घालायची. हे टोक सरळ होतं. भाऊंनी मान वर करून माझ्याकडं बघितलं. मी नजर वळवली. त्यांनी गाडीवर आपला टॉवेल पांघरला. जुन्नरला उतरताना एवढंच म्हणाले, "घरला जा बाई. दमलाय तुमी."

शाळेत बातमी आमच्या आधी पोहोचली होती. दोन दिवसांत पूनमचं नाव धूरबाई पडलं. कुणी तिला बघून नाक धरायचं, कुणी खोटं खोकायचं. मी दोघातिघांना रागावले, पण रागावताना माझाच आवाज मला खोटा वाटत होता. बुधवारी भाऊ आले, स्टुलावर बसले. तिघं मुलं आली. पूनम आली नाही.

"योगेश, पूनम कुठं आहे?" मी विचारलं.

"ती म्हणली, मी आता न्हाई यायची. तारंला हात लावायचा न्हाई म्हणली."

भाऊंनी माझ्याकडं बघितलं नाही. समोरच्या भिंतीकडं बघत ते म्हणाले, "थोरलाबी आधी एकच दिवस आला नव्हता."

त्या दिवशी मला वह्यांतलं एक अक्षर दिसलं नाही. एक ढाल हुकली याचं मला आता काही वाटत नव्हतं. एका पोरीचे हात माझ्यामुळं कायमचे थांबणार होते, आणि ते थांबू नयेत म्हणून जो माणूस स्वतःच्या हातांवर बसत होता, त्याच्या डोळ्यांदेखत. शनिवारी सकाळची शाळा सुटल्यावर मी येडगावची एसटी धरली.

पूनमचं रान धरणाच्या पाण्यापासून जवळच होतं. ती आईबरोबर टोमॅटो तोडत होती. मला बघून आई लगबगीनं पदर सावरत पुढं आली, "बाई, या, या. पूनम, पाणी आण." मी म्हटलं, पाणी नको, आधी मला बोलू द्या. आणि त्या सरीत, टोमॅटोच्या क्रेटशेजारी उभं राहून मी सांगून टाकलं. तार मी जोडली होती. बोर्ड माझ्यामुळं जळाला. तुझी काही चूक नव्हती.

 पूनमचे डोळे भरले, पण ते रागानं. "आठ दिस झालं, बाई," ती म्हणाली. "आठ दिस मी इचार करतीय का माझ्याकडनं कसं राहिलं. आन् तुमाला ठावं व्हतं?"

"होतं."

आई तिला "अगं, बाईंशी असं बोलतात का?" म्हणून दटावायला लागली. मी आईला थांबवलं. पूनमनं ओढणीनं तोंड पुसलं. मग मला अपेक्षा नव्हती असं काहीतरी विचारलं.

"कंच्या स्क्रूत घातली व्हती? डाव्या का उजव्या?"

"उजव्या. जवळचा होता तो."

"मग जळणारच की," पूनम म्हणाली. "तिथं मोटारीची लाइन हाये. बोर्डाला एवढा करंट सोसत न्हाई." आणि तिनं क्रेटवर पडलेली टोमॅटोची काडी उचलून ओल्या मातीत मला पट्टी काढून दाखवली, कुठल्या स्क्रूत काय येतं, कुठं काय घालायचं नाही. मी वाकून बघत होते. मला तेव्हा इतकं हलकं वाटलं की त्या मातीत बसून रडावंसं वाटलं. निघताना ती म्हणाली, "बाई, ह्ये शाळेत बी सांगाल का?"

सोपं नव्हतं ते. बावीस वर्षं मी त्या शाळेत मुलांना खरं बोलायला सांगत होते. सोमवारी परिपाठात प्रार्थना झाल्यावर मी पुढं गेले आणि सगळ्या शाळेसमोर सांगितलं. कुठंतरी मागं खसखस पिकली. मुख्याध्यापक चष्मा काढून पुसत बसले. नंतर त्यांनी मला खोलीत बोलावून जे सुनावलं ते इथं लिहीत नाही, त्यातलं बरंचसं योग्यच होतं. रांगेतली पूनम पूर्ण वेळ जमिनीकडं बघत होती. बुधवारी ती प्रयोगशाळेत आली, वेणी वर बांधून.

त्या संध्याकाळी मी भाऊंच्या दुकानात गेले. ते मोटार भरत होते. एक-एक वेढा मोजत असल्यामुळं ओठ हलत होते, म्हणून मी थांबले. मग म्हटलं, "भाऊ, तुम्हाला बसमध्येच कळलं होतं. मग तुम्हीच का नाही सांगितलंत पूनमला? तिचे आठ दिवस तरी वाचले असते."

"त्या आठ दिसांत मलाबी भाकर ग्वाड लागली न्हाई, बाई," भाऊ म्हणाले. "पर मी सांगितलं असतं तर पोरीला नुसतं कळलं असतं की चूक तिची न्हाई. तुमचं काय झालं असतं? तुमी माझ्याशी बोलायच्या बंद झाला असता, आन् तिच्याशीबी." त्यांनी तारेचं टोक दुमडलं. "तुमी जाताल ह्येचा भरवसा व्हता मला. न्हाई म्हणजे, शनिवारपातुरच व्हता. आइतवारी मी जाणार व्हतो."

भाऊंच्या या शेवटच्या वाक्यावर मी आजही कधीकधी एकटीच हसते. भरवसा, पण मुदतीचा! मग त्यांनी मला स्टूल दिलं, हातात तार दिली आणि टोक दुमडायला शिकवलं. म्हणजे मी चार वेळा चुकले आणि ते बघत राहिले. पुढच्या वर्षी आम्ही पुन्हा पुण्याला गेलो. ढाल काही मिळाली नाही, पाचवे आलो. येताना एसटीत पोरं गाणी म्हणत होती.

त्यानंतर दोन वर्षांनी भाऊ गेले. दुपारचं जेवून दुकानातच आडवे झाले ते उठले नाहीत. दहाव्याला नदीकाठी पुष्कळ माणसं जमली होती. आमच्याकडं दहाव्याला प्रवचन होतं आणि मग श्रद्धांजलीची भाषणं. पुढाऱ्यांनी आपापली भाषणं केली, कधीही भरून न निघणारी पोकळी वगैरे. एका वक्त्यानं तर भाऊंनी शाळेला यंत्रमानव बनवून दिला असंही सांगून टाकलं. भाऊंचा थोरला मुलगा पुढं खाली मान घालून बसला होता.

तेवढ्यात बायकांच्या बाजूनं पूनम उठली. ती तेव्हा इलेक्ट्रॉनिक्सच्या डिप्लोमाला होती. माइकपाशी गेली, पण चार माणसांत बोलायची सवय तिला अजून झाली नव्हती.

"मगाशी सांगितलं ते चूक हाये," ती म्हणाली. "भाऊंनी आमाला कायबी बनवून दिलं न्हाई. मी तीन वर्षं त्यांच्याकडं जात व्हते. त्यांनी मला एकसुद्धा गोष्ट करून दिली न्हाई."

लोकांत कुजबुज झाली. दहाव्याला असं बोलतात का, असं माझ्या शेजारची बाई पुटपुटली. "मी चुकत असले तरी ते आपल्या हातांवर बसून राहायचे," पूनम म्हणाली. मग ती माइकपासून मागं फिरली. पुढं बसलेल्या थोरल्यानं तोंड दोन्ही हातांत झाकून घेतलं होतं, आणि तो हुंदके देत होता.